गार्डसाहेबांनी रबडी सोडली

चिखलदऱ्याला उन्हाळ्यात दोन गोष्टी फुकट मिळायच्या. एक वारा, दुसरं जानराव खंडाऱ्यांचं भाषण. वाऱ्यासाठी लोक अमरावती-अकोल्याहून ट्रंका बांधून घाट चढून येत. भाषणासाठी त्यांना बंगल्याच्या व्हरांड्यातून उठवून शाळेच्या ओट्यापर्यंत आणायचं कसं, याची चिंता जानरावांना पाडव्यापासून लागायची.

जानराव मूळचे मूर्तिजापूरचे. छोट्या लाइनीच्या रेल्वेवर खलाशी म्हणून लागले, मग रूळ बदलणारे सांधेवाले झाले, आणि नोकरीची शेवटची वर्षं अचलपूरच्या गाडीत गार्डाच्या डब्यात बसून काढली. ही गाडी कोणी धावताना पाहिली नव्हती. बाजूच्या वाटेनं जाणारा गाडीवान गार्डाकडून तंबाखू घ्यायचा, मळायचा, अर्धी परत द्यायचा आणि रामराम करून पुढं निघून जायचा. अशा गाडीत माणसानं एक तर झोपावं, नाही तर बघावं. दम्यामुळं जानरावांना झोप यायची नाही, म्हणून ते बघत बसले. तारेवरचा नीळकंठ, गुरांच्या पाठीवरचा कोतवाल, बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी, सगळं त्यांना पाठ झालं. एखाद्या पाखराचं नाव ठाऊक नसलं तर ते स्वतःच ठेवून देत. बनोसा स्टेशनाजवळ दिसणाऱ्या एका करड्या पाखराला त्यांनी ‘बनोसा’च म्हणायला सुरुवात केली. पुढं कोणीतरी सांगितलं, असं पाखरू पुस्तकात नाही. जानराव म्हणाले, मग पुस्तकवाला बनोशाला उतरलाच नसेल.

पेन्शन झाली आणि डॉक्टरानं थंड हवेत जा म्हणून सांगितलं. दुसरा कोणी असता तर महिनाभर जाऊन आला असता. जानरावांनी तो स्टेशनमास्तरचा हुकूम समजला आणि बिऱ्हाडच हलवलं. बायको मनकर्णाबाई, दोन ट्रंका, शिट्टी, आणि एक हिरवं, एक लाल निशाण. निशाणं रेल्वेला परत करायची असतात, असं मनकर्णाबाईंचं म्हणणं होतं. रेल्वेनं मागितली नाहीत, असं जानरावांचं.

नत्थुजी गवळ्याच्या गोठ्याला लागून दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. नत्थुजी म्हणजे सात-आठ म्हशी, एक भट्टी, खव्याची मोठी कढई आणि मोजून बोलणारं तोंड. त्याची बायको सुभद्रा बोलण्याची ती उणीव भरून काढायची. पहिल्या उन्हाळ्यात सुभद्रा दूध घालायची ती वरून. मनकर्णाबाईंनी पातेलं खाली ठेवायचं, हात मागं घ्यायचा, मग वरून धार. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन जानराव आणि मनकर्णाबाई दीक्षा घेऊन आले होते. मान ताठ ठेवायला शिकले होते. मनकर्णाबाई पातेलं रोज थोडं वर धरायला लागल्या. आज गुडघ्याएवढं, उद्या कमरेएवढं. पावसाळा लागेपर्यंत दोघींच्या हातात एकच पातेलं आलं होतं आणि सुभद्रेला कळलंही नाही, असं मनकर्णाबाई सांगत. कळलं होतं, असं सुभद्रा सांगे.

नत्थुजीनं मात्र एका सकाळी कोणाला न विचारता जानरावांच्या ओट्यावर बूड टेकलं आणि म्हणाला, “गारडसायेब, चहा मांडा.” तेव्हापासून रोजचा चहा ठरला. त्यावरून त्याला त्याच्या गणगोतानं काय ऐकवलं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. जानरावांनी विचारलं नाही. पण छोट्या लाइनीवर एवढी वर्षं काढून, स्टेशनावरच्या पाण्याच्या माठाजवळ कोण कसं उभं राहतं ते पाहिलेल्या माणसाला त्या चहाची किंमत कोणी सांगायची गरज नव्हती.

आता भाषणाचं. जंगलाजवळ राहायला आल्यावर जानरावांना वाटलं, आपण एवढं बघितलेलं आपल्याबरोबर जाऊ नये. उन्हाळ्यात शेकडो लोक वर येतात, भीमकुंडात दगड टाकतात, देवीच्या दर्शनाला जातात, झाडावर नाव कोरतात आणि उतरतात. जंगल म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावं की नाही? त्यांनी शाळेच्या मास्तरांकडून ओटा मागून घेतला आणि बसथांब्यावर पाटी लावली: ‘जंगलाच्या गोष्टी. गुरुवार, रविवार. फुकट.’

त्या शेवटच्या शब्दानं घात केला. वऱ्हाडात फुकट म्हणजे एक तर निवडणूक, नाही तर औषधवाला. पहिल्या गुरुवारी तिघं आले. एकानं विचारलं, मतांची पेटी कोणत्या निशाणीची. दुसरा बाही वर करून उभा राहिला, कारण त्याला वाटलं देवी टोचणारे आलेत. तिसरा झोपला. जानरावांनी तरी शिट्टी फुंकली, हिरवं निशाण हलवलं आणि पूर्ण भाषण दिलं, कारण वेळेवर सुटायचं हा गार्डाचा धर्म. डबे रिकामे आहेत की भरलेले, ते पाहणं त्याचं काम नाही.

पुढच्या रविवारी नत्थुजी रबडीचं पातेलं आणि पळसाच्या पानांचे दोणे घेऊन ओट्याच्या कडेला येऊन बसला. ती रबडी अशी होती की अकोल्याच्या सराफ्यातले शेठ तिच्यासाठी घाट चढायचे. पातेल्याभोवती माणसं जमली. दोणा हातात असलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, आणि उभ्यानं रबडी खाणं बरं दिसत नाही. माणसं सतरंजीवर बसली. जानरावांनी शिट्टी फुंकली. गाडी चालू झाली.

त्यानंतर तीन उन्हाळे सभा भरगच्च. कोण कोणासाठी येतं, यावर गावात पैजा लागत. रबडी संपली की अर्धी सतरंजी मोकळी होते, हे जानरावांना दिसत नव्हतं असं नाही. पण ते म्हणत, काही प्रवासी मधल्या स्टेशनावर उतरायचेच. भाषणं मात्र रंगत. वणवा कसा लागतो, झरा उन्हाळ्यात कुठून पाणी आणतो, मोहाच्या झाडाखाली अस्वल कसं येतं. हे अस्वल दरवर्षी थोडं वाढत होतं. एकोणसाठ साली ते दुरून दिसलं होतं, साठ साली त्यानं जानरावांकडं वळून पाहिलं, आणि एकसष्ट साली ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. मागच्या बाजूला बसलेल्या मनकर्णाबाई शेजारणीला हळूच सांगत, “पुढच्या साली ते शिट्टी वाजवन, पाहजा.”

बासष्ट सालच्या मे महिन्यातला एक रविवार. त्या दिवशीचा विषय धावडा. धावड्याचं झाड कसं हळू वाढतं, कसं उतारावरची माती धरून ठेवतं, ते गेलं की झरा जातो आणि झरा गेला की रानगवा खाली उतरतो, असं जानरावांनी डब्याला डबा जोडत नेलं. मग दम घ्यायला थांबले. दम घेताना दोन घास रबडी खायची ही त्यांची रीत. दोणा त्यांच्या डाव्या हातात कायम असायचा.

पहिल्या रांगेत अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेतल्या आशाबाई बसल्या होत्या. आशाबाई गणित शिकवत आणि गणितासारख्याच सरळ होत्या. त्यांनी विचारलं, “खंडारे साहेब, हा धावडा तोडतं कोण? अन् करतात काय त्याचं?”

जानरावांनी शहरातले ठेकेदार, कोळशाच्या भट्ट्या, असं काही सांगायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात कडेला बसलेल्या नत्थुजीला वाटलं, हा प्रश्न आपल्या जाणतेपणाचा आहे. जन्मात कधी सभेत न बोललेला माणूस अभिमानानं बोलला.

“जळाले धावड्यासारखं लाकूड नाई, बाई. आच एकसारखी देते. खव्याले अन् रबडीले दुसरं चालतच नाई. बाभूळ भडकते, सागाले वास येते. आमच्या आज्यापासून धावडाच.” आणि सगळ्यांना समजावं म्हणून त्यानं पातेल्यावर हात ठेवला. “ह्या एवढ्या रबडीले एक मोळी.”

सतरंजीवरच्या माणसांनी आपापल्या दोण्यात पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून जानरावांच्या दोण्यात पाहिलं.

आता खरं तर इथं हसून सोडून देता आलं असतं. नत्थुजी हसलाही असता. पण जानरावांच्या अंगात भाषण होतं, आणि भाषण अंगात असलेल्या माणसाला मागं फिरता येत नाही. त्यांनी दोणा खाली ठेवला. छातीवर हात ठेवला. आणि जाहीर केलं की आजपासून जानराव खंडारे रबडीला शिवणार नाही, खव्याला शिवणार नाही. ज्याला जंगलाची चाड असेल त्यानं हात वर करावा. सभेत एकानं हात वर केला की दुसऱ्याला करावाच लागतो. अख्खी सतरंजी हात वर करून बसली. काहींच्या त्या हातात दोणे होते.

नत्थुजीनं पातेलं उचललं, त्यावर झाकण ठेवलं आणि कोणाकडं न बघता घरी गेला.

घरी मनकर्णाबाईंनी जेवण वाढलं. भाकर ताटात जरा जोरातच पडली, म्हणजे वादळ घाटापर्यंत आलं होतं.

“आपण उपास सोडले, तापास सोडले,” त्या म्हणाल्या. “काशीले जाऊन लोक वांगं सोडते, पडवळ सोडते, त्याह्यले तुमी हसता. अन् आता भर सभेत रबडी सोडून आले.”

जानराव म्हणाले, हे देवासाठी नाही, जंगलासाठी आहे.

“असन. पण वांगं सोडलं तं वांग्याचं काई जात नाई. तुमी ज्याची रबडी सोडली, तो भिंतीपलीकडं राह्यते.”

दुसऱ्या सकाळी चहा मांडला गेला. दोन कप. एक निवला.

तिसऱ्या दिवशीही निवला. जानराव ओट्यावर बसून गोठ्याकडं पाहत नाहीत असं दाखवत. नत्थुजी गोठ्यातून ओट्याकडं पाहत नाही असं दाखवे. दोघांच्या मधून कोंबड्या जात-येत. मनकर्णाबाईंची अडचण मात्र वेगळीच होती. दूध घ्यायला जाताना त्यांनी पातेलं किती उंच धरावं, हे त्यांना पुन्हा एकदा ठरवावं लागलं. त्यांनी ते नेहमीसारखं पुढं केलं. सुभद्रेनं नेहमीसारखं त्यांच्या हातातून घेतलं, भरलं आणि हातात दिलं. मनकर्णाबाईंचा चेहरा तिनं वाचला असावा.

“राग त्याह्यचा हाय, बाई,” ती म्हणाली. “म्हैस माही हाय.”

गुरुवार आला. नत्थुजी पातेलं घेऊन बसथांब्यावर बसला. ज्यांनी रविवारी हात वर केले होते, त्यांतले बरेच तिकडं रबडी खात उभे होते. पाठ मात्र शाळेकडं केलेली, म्हणजे शपथेला दिसू नये. काहींनी मात्र शपथ पाळली आणि ते बंगल्यातच राहिले, कारण रबडी नाही तर भाषणाला तरी कशाला जायचं. शाळेच्या ओट्यावर जानराव, मनकर्णाबाई आणि मास्तरांची शेळी. जानरावांनी शिट्टी फुंकली. अस्वल आलं, उभं राहिलं. शेळीनं सतरंजीचं टोक चघळलं. भाषण अर्ध्यात आलं तेव्हा जानराव थांबले. मधल्या स्टेशनावर गाडी थांबवायची त्यांची ही पहिलीच वेळ.

घरी परतताना ते म्हणाले, लोकांना जंगलाचं काही पडलेलं नाही. मनकर्णाबाई म्हणाल्या, लोकांचं जाऊ द्या, तुम्हाला लोकांचं पडलेलं नाही. तुम्हाला पडलंय ते एका माणसाचं, आणि तो एक माणूस आज बसथांब्यावर तुमच्याकडं पाठ करून बसला. यावर जानरावांनी खोकला काढला. अडचणीच्या वेळी त्यांचा दमा फार उपयोगी पडायचा.

आठवडा गेला. मग जानरावांच्या ध्यानात एक गोष्ट आली. नत्थुजीची भट्टी पूर्वी सकाळी पेटायची आणि जेवणवेळेला विझायची. आता धूर संध्याकाळपर्यंत निघत होता. तोही एकाच्या जागी दोन ठिकाणांहून. गोठ्यामागं लाकडाचा ढीग होता, तो खाली जात होता आणि पुन्हा वर येत होता. एका दुपारी तर सुभद्रेचा भाऊ ओली लाकडं टाकून गेला. ओलं लाकूड, म्हणजे उभं झाड. जानराव कुंपणाजवळ गेले, आले, पुन्हा गेले. शेवटी त्यांनी मनकर्णाबाईंना विचारलं, सुभद्रेकडून काही कळलं का.

मनकर्णाबाईंना चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. विचारायची वाट पाहत होत्या.

“रबडी अर्धी खपते आता,” त्या म्हणाल्या. “निम्म्या लोकाह्यनं तुमची शपथ धरली. उरलं दूध काय करन नत्थुजी? इथं बर्फ हाय का? तो त्याचा खवा आटवते अन् सकाळच्या बसनं परतवाड्याच्या हलवायाले धाडते. रबडी अर्धी आटवा लागते. खवा तं पुरा कोरडा होईस्तोर. मंग लाकूड जास्त लागन का कमी?”

जानराव खाली बसले. म्हणाले, मी तर जंगलासाठी सोडली होती.

“तुमी सोडली. म्हशीनं दूध देनं थोडीच सोडलं. म्हशीले तुमचं भाषण कोन सांगन?”

त्या दिवशी जानरावांनी चहाही घेतला नाही. एवढी वर्षं सांधे बदलले, पण असा चुकीचा सांधा त्यांनी कधी ओढला नव्हता. एका माणसाला दुखवलं आणि ज्याच्यासाठी दुखवलं त्याचंही वाटोळं केलं. दुसरा कोणी असता तर घरात बसला असता. जानराव उठले, धोतर खोचलं आणि कुंपणाचं फाटक उघडून सरळ भट्टीवर गेले.

नत्थुजी कढईपुढं बसून लांब उलथण्यानं दूध हलवत होता. त्यानं वर पाहिलं नाही. बसा म्हणालाही नाही. जानराव स्वतःच बसले. बसल्यावर लक्षात आलं की काही बोलायचं ठरवूनच आलो नाही. भाषणाशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. शेवटी म्हणाले, “आण इकडं, मी हलवतो.”

नत्थुजीनं उलथणं दिलं. मजा पाहावी म्हणूनच दिलं असणार. जानरावांनी निशाण हलवावं तसं हलवायला सुरुवात केली. कढईच्या तळाला हात पोचेना. धूर डोळ्यांत गेला. थोड्या वेळात खांदा भरून आला, घामानं सदरा चिकटला, आणि दूध कडेला लागायला लागलं. नत्थुजीनं शेवटी त्यांच्या हातावर हात ठेवून तळापासून कसं ओढायचं ते दाखवलं. दोघांचे हात एकाच दांड्यावर होते तेव्हाच तो बोलला.

“लाकडाचं बोलले त्याचं काई नाई, गारडसायेब. लाकूड जळते, ते मले दिसत नाई काय? म्या लहानपनी पाह्यलं, धावडा इथं गोठ्यामागंच होता. आता मोळीले पहाटे निघा लागते. मले काई सांगाचं होतं तं तुमी चहाच्या वक्ती सांगाचं होतं. रोज बसून राहिलो होतो ना म्या. पन तुमी पन्नास लोकाह्यपुढं मले जंगलाचा चोर केलं. अन् म्या तं त्या पन्नास लोकाह्यले तुमच्यासाठी बसवून राहिलो होतो.”

जानराव हलवत राहिले. धुरामुळं डोळे पुसणं सोयीचं होतं.

“चुकलं,” ते म्हणाले. तेवढंच. छोट्या भाषणाचा त्यांचा तो विक्रम असावा.

नत्थुजीनं उलथणं परत घेतलं, कारण खवा खरंच लागत होता. मग त्यानं आपली अट सांगितली. चहाला येतो, पण आधी सभेत. ज्या लोकांपुढं रबडी सोडली, त्याच लोकांपुढं ती खायची. गुपचूप घरी खाऊन भागणार नाही.

अट साधी वाटते, पण साधी नव्हती. चिखलदऱ्यासारख्या गावात माणसाचा शब्द हीच त्याची पगडी. जो माणूस रविवारी रबडी सोडतो आणि पंधरा दिवसांत तीच खातो, त्याची वणव्याची गोष्ट कोण खरी मानणार? अस्वलाचं तर विचारूच नका. पोरं रस्त्यात ‘रबडी गार्ड’ म्हणून हाका मारतील, हे जानरावांना स्वच्छ दिसत होतं. ते दोन दिवस ओट्यावर बसून विचार करत होते. मनकर्णाबाईंनी सल्ला दिला नाही. त्यांनी रविवारसाठी सदरा धुऊन वाळत टाकला.

रविवारी गर्दी झाली. सुभद्रेनं गावभर काय सांगितलं होतं कोण जाणे, पण बसथांबा रिकामा होता. आशाबाई पहिल्या रांगेत. नत्थुजी कडेला, पुढ्यात रबडीचं पातेलं. त्याच्या बाजूला सुभद्रा दह्याची मडकी आणि मठ्ठ्याची घागर घेऊन बसलेली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनं आपला व्यवहार आपणच पाहिला होता.

जानरावांनी शिट्टी फुंकली नाही. सरळ पातेल्यापाशी गेले, दोणा पुढं केला. नत्थुजीनं भरला. सभेसमोर उभं राहून जानरावांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मागून कोणीतरी म्हणालं, “गारडसायेब, जंगल गेलं का मंग?” आणि सतरंजी हसली. जानरावांचे कान लाल झाले. पण दोणा त्यांनी चाटूनपुसून संपवला आणि मगच तोंड उघडलं.

त्यांनी सगळं सांगितलं. मी रबडी सोडली, तुम्ही हात वर केले, त्यामुळं दोन भट्ट्या पेटल्या, ओली झाडं पडली, आणि परतवाड्याच्या हलवायाची दिवाळी झाली. कोणाचं दूध कसं आटतं हे माझ्या घराच्या भिंतीपलीकडं होतं आणि मी विचारलं नव्हतं. ज्याची चूक सांगायची त्याला आधी चहा पाजावा, एवढं मला समजलं नाही.

आशाबाईंनी हात वर केला. जानरावांनी रिकामा दोणा पाठीमागं नेला, कारण मागच्या वेळी बाईंच्या प्रश्नानं काय झालं ते त्यांना आठवत होतं.

“पण मग लाकडाचं काय?” आशाबाईंनी विचारलं. “तो धावडा तर जळतोच आहे. तुम्ही खा की न खा.”

जानरावांनी इकडं तिकडं पाहिलं. एवढ्या उन्हाळ्यांत कुठल्याही प्रश्नाला त्यांचं अडलं नव्हतं. नाव माहीत नसलं तर त्यांनी नाव ठेवलं होतं, उत्तर माहीत नसलं तर अस्वल आणलं होतं.

“मले मालूम नाई,” ते म्हणाले.

मनकर्णाबाईंनी शेजारी बसलेल्या बाईचा हात दाबला. छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

आणि मग गंमत झाली. उत्तर नाही म्हटल्यावर प्रत्येकाकडं एक निघालं. एक अमरावतीचा वकील म्हणाला, सरकारनं बंदी करावी. नत्थुजी म्हणाला, मग सरकारनंच म्हशी दोहाव्या. सुभद्रा म्हणाली, उन्हातान्हात घाट चढून आलेल्या माणसाला दही आणि मठ्ठा सोसतो, रबडी नाही. दह्याले एक उकळी पुरते, अन् लोक दही खातील तं भट्टी अर्धी थंड होईल, पण तुम्हा लोकांची जीभच रबडीची. कोणी म्हणालं, घाणेरीची झुडपं माजलीत ती जाळा. त्यावर नत्थुजीनं घाणेरीच्या आचेवर केलेली रबडी त्या माणसालाच खायला घालायची तयारी दाखवली. आशाबाईंनी विचारलं, पडलेलं वाळकं लाकूड वेगळं आणि उभं झाड वेगळं, असा नेम गवळ्यांनी आपसांत का करू नये. नत्थुजी म्हणाला, नेम होता; आज्याच्या काळी उभ्या झाडाला हात लावायचा नाही असं होतं; परतवाड्याची बस चालू झाली आणि खवा रोज जायला लागला, तेव्हा मोडला. हे जानरावांनाही नवीन होतं. ते बोलायचं विसरून ऐकत राहिले. दहीही बरंच संपलं.

पातेलं केव्हाच रिकामं झालं होतं. सतरंजी तशीच भरलेली होती. अंधारू लागल्यावर मास्तरांनीच शाळेला कुलूप लावायचं आहे, असं सांगून लोकांना उठवलं.

यातून जंगल वाचलं, असं कोणी सांगितलं तर खोटं ठरेल. पुढच्या उन्हाळ्यात गवळ्यांनी उभ्या झाडाचा नेम पुन्हा धरला. काहींनी पाळला, काहींनी लग्नसराईत मोडला. सुभद्रेचं मीठ-जिऱ्याचं दही गावात नाव काढून गेलं. जानराव पुढं कितीतरी उन्हाळे बोलले, आणि त्यांच्या भाषणात दोन नवीन गोष्टी आल्या. अधूनमधून “हे नत्थुजीले विचारा” असं येऊ लागलं. आणि पाखराचं नाव माहीत नसलं तर तसं सांगायला लागले. ‘बनोसा’ मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

त्या रविवारी संध्याकाळी सतरंजी झटकून दोघं घराकडं निघाले. एका टोकाला जानराव, दुसऱ्या टोकाला नत्थुजी. मनकर्णाबाई आणि सुभद्रा पुढं, रिकाम्या मडक्यांसकट, मोठ्यानं बोलत. मग नत्थुजी म्हणाला, “आज रबडीत साखर निम्मीच पडली होती माह्याकडून. सकाळपासून डोकं ठिकान्यावर नव्हतं.”

“हो,” जानराव म्हणाले. “फिक्की होती.”

“मंग पुरा दोणा कावून खाल्ला?”

“तू पाहून राहिला होता ना.”